पुंजारामच्या नावाचा काटा

खंडेनवमीच्या दिवशी यार्डात काहीही कापायचं नाही, हा नियम यार्ड उभं करणाऱ्या पुंजारामने घातला होता, आणि तो वारल्यावरही नियम मोडायची कुणाची छाती झाली नाही. केडगावच्या या भंगाराच्या यार्डात एरवी वर्षभर लोखंड कापण्याचा, आपटण्याचा, ओढण्याचा आवाज असतो. पलीकडच्या अपार्टमेंटमधले लोक त्यावर महापालिकेकडे तक्रारीही करतात. त्या एका दिवशी मात्र सगळं गप्प. गॅस कटर, घण, क्रेनचा हूक, मोठं लोहचुंबक, सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते आणि हत्यारांना सुट्टी मिळते. माणसांना मिळत नाही. माणसं एकत्र जेवायला बसतात, आणि या घरात एकत्र जेवणं हे गर्डर कापण्यापेक्षा सोपं काम कधीच नव्हतं.

यंदा तर पानं मांडायच्या आधीच दोन तट पडले होते. पुंजारामच्या धाकट्या मुलाला, अजिनाथला, जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, त्यांच्या मूळ गावाजवळचा बंद पडलेला साखर कारखाना भंगारात काढायचं काम मिळालं होतं. चिमणी, बॉयलर, रोलर, शेड, सगळं कापायचं आणि जालन्याच्या लोखंड वितळवायच्या भट्टीला पाठवायचं. आणि त्याच कारखान्याच्या बचाव समितीचा अध्यक्ष होता त्याचा सख्खा थोरला भाऊ कल्याण. कारखान्याचा एक नटसुद्धा हलू देणार नाही, असं कल्याणने गावात सभा घेऊन सांगितलं होतं. नटाचं सोडा, भाऊ ऊस टाकायच्या गव्हाणीसकट सगळं उचलायला निघाला होता. गावाला करमणुकीला एवढं पुरेसं होतं.

दोघांच्या मधे कडूबाई, त्यांची आई. मोठ्या कामाची पहिली काप घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने द्यायची, ही यार्डाची रीत. पुंजाराम होता तोवर तो देई, तो गेल्यापासून कडूबाई देते. म्हणजे सुनील, यार्डातला मुख्य कटरवाला, ज्योत पेटवून तिच्या हातात देतो, मागून तिचा हात धरतो, आणि ती लोखंडावर बोटभर रेघ ओढते. तेवढंच. पण ती रेघ पडल्याशिवाय सुनील आणि त्याची माणसं कामाला हात लावत नाहीत. एकदा अजिनाथने घाई करून तशीच सुरुवात केली होती, तेव्हा एका गड्याच्या पायावर गर्डर आला. त्यानंतर अजिनाथनेही वाद घातला नाही.

दसऱ्याच्या सकाळी कारखान्यात पहिली काप ठरली होती. कल्याण आदल्या दिवशी गावाहून आला तो एकच काम घेऊन. आईने नाही म्हणावं. आई नाही म्हणाली की सुनील नाही म्हणणार, काम लांबणार, आणि दिवाळीनंतर कोर्टाची तारीख होती. तोवर लोखंड जागेवर राहिलं तर पुढचं पुढे बघता आलं असतं. गावात त्याची उरलीसुरली पत होती ती याच एका गोष्टीवर.

*

अजिनाथची बायको राजेश्वरी पोळ्या लाटत होती. यार्डाची बिलं, जीएसटी, ड्रायव्हरांचे फोन, भट्टीवाल्यांशी हुज्जत, हे सगळं अजिनाथच्या नावावर चालत असलं तरी करायची राजेश्वरीच. त्यामुळे सणावाराला पोळपाटाशी बसलं की तिला सुट्टी लागल्यासारखं वाटे. कल्याण पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"राजेश्वरी, तुझे वडील सभासद हायेत कारखान्याचे. त्यांना काय तोंड दाखवनार तू?"

"मी तर पहिल्यापासून नकोच म्हनते, दादा. माहेरी गेलं की आई धड बोलत न्हाई माझ्याशी. म्हनती, तुझ्या नवऱ्यानं आमचा कारखाना गिळला."

"मग तू बोल आईपाशी. माझ्यापरीस तुझं ऐकंल ती."

"ऐकतात की. ऐकून घेत्यात समदं आन करतात सोताच्या मनाचं."

कल्याण हसला. राजेश्वरी हसली नाही. कारखाना सुरू व्हावा असं तिला काही वाटत नव्हतं, होईल असंही वाटत नव्हतं. तिला फक्त माहेरी ताठ मानेने जायचं होतं. कल्याणला हे कळत होतं, पण निवडणुका लढवलेला माणूस मताचं कारण विचारत नाही.

"त्यांना म्हना, दादाचा मान राखा," तो म्हणाला.

"बघते. तुमी पानावर बसा."

अजिनाथच्या बाजूला होती ती एकटी आरती, आणि ती होती कल्याणची मुलगी. भावाने पोरगी फितवली, असं कल्याण चारचौघांत म्हणे. खरं तर तिला फितवायला कुणी लागलं नव्हतं. ती जालन्याच्या एका भट्टीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. कुठल्या लोखंडात काय मिसळलंय हे तपासणं तिचं काम. काकाचं यार्ड त्याच भट्टीला माल देई, आणि काका तिच्याशी बोलताना तिचं शिक्षण विसरत नसे. वडील विसरत.

जेवणं सुरू झाली. पहिल्या पोळीपर्यंत सगळ्यांनी दम धरला.

"पप्पा, तुम्ही शेवटचं कधी आत गेला होता कारखान्यात?" आरतीने विचारलं. "मी मागच्या महिन्यात नमुने घ्यायला गेले होते. बॉयलरच्या नळ्या हाताने तुटतात."

"दुरुस्ती करता येती."

"कशाची? गंजाची?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तेवढंच कळतं मला, पप्पा. त्याचाच पगार देतात."

अजिनाथ खूश होऊन भातावर तूप ओतून घेत होता. "आता बोल दादा. तुझीच लेक हाय, माझी न्हाई."

कल्याणने पोळीचा तुकडा खाली ठेवला. "मग इचारतोच. तुझी ती भट्टी धूर सोडत न्हाई का? तिथली मानसं म्हनत्यात, वाळत घातलेली कापडं काळी व्हत्यात."

"सोडते. वीज खाते, आणि वीज कोळशातनं येते. आम्ही काही तुळशी लावत नाही तिथं." आरती मागे हटली नाही. "पण डोंगर फोडून नवं लोखंड करायचं तर एका टनाला दीड टन तर नुसतं खनिज लागतं. वर कोळसा वेगळा, पाणी वेगळं. जुनं वितळवलं की निम्म्याहून जास्त ऊर्जा वाचते, आणि तेवढा डोंगर जागेवर राहतो. तुमचा कारखाना तिथं उभा राहून काय करतोय? त्याच्या ऑइलच्या टाक्या फुटल्यात. पाऊस पडला की ते ओढ्याला जातं. तो ओढा कुणाच्या विहिरीला लागतो, ते तुम्हाला माहितीय."

"माझ्याच," कल्याण म्हणाला. मग म्हणाला, "पन तुझा डोंगर कुठला म्हनायचा? ओरिसाचा. तिकडची झाडं वाचावीत म्हनून हितल्या पोरांनी कोयता घिऊन कर्नाटकात जायचं व्हय? कारखाना चालू हुता तवा निदान गावातच तोड हुती. तुझ्या यंत्रात त्याचं काय माप निघतं का?"

 हे आरतीच्या यंत्रात निघत नव्हतं. वडील चुकीच्या कारणासाठी बरोबर प्रश्न विचारतात याचा तिला फार राग येई.

कडूबाई आमटीत पोळी कुस्करत होती. दात नाहीत, त्यामुळे तिचं जेवण सगळ्यांच्या नंतर संपे, आणि तोवर सगळ्यांचं बोलून झालेलं असे. कल्याण तिच्याकडे वळला.

"आई, आता तूच सांग. त्या कारखान्याला तू ऊस तोडला. आबांनी गाडी हाकली. आपली चूल त्यावर पेटली. त्याला तू सोताच्या हातानं आग लावनार?"

"जेव आदी," कडूबाई म्हणाली.

"आईंच्या मनाला लागनार न्हाई का हो," राजेश्वरी वाढता वाढता म्हणाली. दिलेला शब्द तिने तेवढ्यावर पाळला.

*

आपली बाजू पडतेय असं अजिनाथला वाटलं, तेव्हा त्याने राखून ठेवलेली गोष्ट बाहेर काढली. खरं तर ती दुसऱ्या दिवशी कारखान्यात, सगळ्यांसमोर सांगायची असं त्याने ठरवलं होतं.

"आये, समदंच काय मी वितळवनार न्हाई. एक वस्तू मी ठिवून घेनार हाय. घरची म्हनून."

"कंची?"

"कारखान्याचा काटा. उसाच्या गाड्या तोलायचा, गेटाजवळचा. त्याचे गर्डर बघितले का, दादा? आजकाल तसा भक्कम माल निघत न्हाई. वरचं मशीन नवं बसवू, पन खालचा सांगाडा तोच. त्यो उचलून हितं यार्डाच्या तोंडाशी आनायचा. आन त्यावर मोठी पाटी लावायची." त्याने दोन्ही हातांनी हवेत पाटीची लांबी दाखवली. "पुंजाराम वजनकाटा."

"छान, काका!" आरती म्हणाली. "वितळवण्यापेक्षाही ते बरं. आहे तसं वापरलं तर भट्टीसुद्धा पेटवायला नको."

"आबांनी उभ्या आयुष्यात कुनाला काटा मारला न्हाई. हातगाडी व्हती तवापासून. नगरात कुनालाबी इचारा. मग त्यांच्या नावाला काट्यापरीस काय शोभंल?"

अजिनाथचे डोळे भरून आले होते. तो तसा हळवा माणूस. वर्षानुवर्षं लोखंड कापून माणूस कठीण होतो असं लोकांना वाटतं, पण त्याला सिनेमातसुद्धा रडू येई.

कल्याणचा घास हातातच राहिला. कुठला काटा आणि कुठली पाटी, हे त्याला ऐकताक्षणी कळलं होतं. नको म्हणायला एक शब्द पुरेसा होता. पण नको म्हटलं की का नको ते सांगावं लागणार. ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, आणि तो प्रश्न त्याला कितीतरी वर्षांपासून पाठ होता. त्याने राजेश्वरीकडे आमटी मागितली.

कडूबाईने ताट हाताने थोडं पुढे सरकवलं.

"कंचा काटा म्हनला?"

"कारखान्याचा, आये. गेटाजवळचा."

"त्योच व्हय?"

"एकच तर हाय."

कडूबाई कल्याणकडे बघत राहिली. कल्याण आमटीकडे बघत राहिला.

"कल्यान, तू सांगतो का मी सांगू?"

"आई, सनासुदीचं कशाला आता..."

"मंग मीच सांगते." तिने पदराने तोंड पुसलं. "अजिनाथ, तू तवा पोटात हुता. भरल्या हंगामाची गोष्ट. आमी गाडी काट्यावं लावली. गाडी गळ्यापोत्तर भरलेली, बैलं फेसाळलेली. मापाड्यानं वजन सांगितलं, ते लई कमी. तुजा बाप म्हनला, सायेब, यवढं कमी कसं? त्यो म्हनला, तुला लई कळतं काय रं वजनातलं? मंग बस काट्यावं. गाडी खाली काढली आन ह्याला बसीवलं. फतकल मारून. डोईच्या पटक्यासकट. त्यो काटा टनाटनाचा, मान्साचं वजन त्याला काय दिसनार? तर त्यो खिडकीतनं वरडून सांगाया लागला, बघा रं बघा, ह्या गड्याला वजनच न्हाई! समदे हासले. आपल्या टोळीचे बी हासले. न हासून करत्यात काय, त्यांच्या बी गाड्या मागं नंबराला हुत्या."

"आणि तू, आज्जी?" आरतीने विचारलं.

"मी कोयता धरून उबी. हासले न्हाई यवढंच."

 कडूबाईचा आवाज रडवेला वगैरे झालेला नव्हता. कुणाच्या तरी बारशाची हकीकत सांगावी तशा आवाजात ती सांगत होती, आणि ऐकणाऱ्यांना तेच जड जात होतं.

"उठ म्हनलं तवा ह्यो उठला. हंगाम सरला तसा नगरला आला, हातगाडी घेतली, भंगार गोळा कराया लागला. पुना उसाच्या फडात पाय ठिवला न्हाई. पोरांना सांगायचं न्हाई म्हनला. म्या सांगितलं न्हाई." ती थांबली. "ह्यो कल्यान तवा गाडीवं बसला हुता, मोळ्यांवं. ह्यानं समदं बघितलं."

अजिनाथला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. बापाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट या घरात दोघांना माहीत होती आणि त्यात तो नव्हता. ज्या काट्यावर बापाला बसवलं त्याच काट्याला तो बापाचं नाव द्यायला निघाला होता. पाटीच्या अक्षरांचा रंगसुद्धा त्याने पेंटरला सांगून ठेवला होता.

"दादा, तुला ठावं हुतं?"

"ल्हान हुतो मी."

"ल्हान हुता, आंधळा नव्हता. आत्ता मी पाटीचं बोलत हुतो तवा तू आमटी मागत हुता!"

"काय बोलू मग? भर जेवनात?"

"ते ऱ्हाऊ दे," कडूबाई म्हणाली. "माजं यवढं सांग, कल्यान. तू डायरेक्टर झाला कारखान्याचा. गुलाल घिऊन पाया पडाया आला हुता माझ्या. मला वाटलं, पोरगं त्या काट्यापाशी पोचलं एकदाचं. तू काटा नीट केला का?"

हाच तो प्रश्न.

"आई, तसं नसतं त्ये. त्ये खातं अधिकाऱ्यांकडं असतं, संचालकाला..."

"केला का न्हाई केला?"

 कल्याण पहिल्यांदा निवडून आला तेव्हा त्याच्या डोक्यात काटाच होता, हे खरं. पहिल्या सभेत तो विषय काढायचाही त्याने ठरवलं होतं. मग त्याला सभेत पुढच्या रांगेत खुर्ची दिली, आणि विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभा पुष्कळ झाल्या.

"आये, जाऊ दे ना आता," अजिनाथच म्हणाला. राग होता, पण आईचा चेहरा त्याला बघवेना. "झालं गेलं. त्यो मापाडी बी मेला असंल."

"व्हय, बराबर बोलतोय अजिनाथ," कल्याण लगेच म्हणाला. "कशाला उगाळायचं?"

राजेश्वरीच्या हे लक्षात आलं आणि तिला नवल वाटलं. वाटणीपासून या दोन भावांचं एका गोष्टीवर कधी जमलं नव्हतं, आणि आज जमलं ते आईला गप्प बसवायला. सासूशी तिचं फार गूळपीठ होतं असं नाही. पण तिने पोळीचं ताट खाली ठेवलं.

"बोलू द्या त्यांना," ती म्हणाली. "तुमी दोगं गप ऱ्हावा जरा. येवढी वर्सं त्याच गप हुत्या."

"तू तर नको म्हनत हुतीस कापायला," कल्याण म्हणाला.

"सकाळची गोष्ट हाय ती, दादा."

कडूबाईने पेल्यातलं पाणी पिऊन घेतलं. "उंद्या पैली काप मीच देनार. पन काट्यावं. चिमनीबिमनी मागनं. आन त्यो काटा ह्या यार्डात यायचा न्हाई. त्याचं पानी करायचं."

"आये, पाटी न्हाई लावत. पन येवढा भक्कम सांगाडा..."

"पानी करायचं."

आरतीने तोंड उघडलं होतं. आहे ते वापरणं केव्हाही चांगलं, हे तिच्या जिभेवर होतं आणि ते खरंही होतं. राजेश्वरीने तिच्याकडे नुसतं बघितलं. आरतीने तोंड मिटलं.

कल्याण हात न धुताच उठला. "आई, मी उद्या गेटावर असंन. समितीची मानसं घिऊन. तुला आडवा येनार न्हाई, पन बाजूला बी व्हनार न्हाई."

"ये की," कडूबाई म्हणाली. "तू पायजेच हायेस."

*

सकाळी अजिनाथ गाडी चालवत होता, शेजारी राजेश्वरी, मागे कडूबाई आणि आरती. सुनील माणसं आणि सिलिंडर घेऊन टेम्पोने पुढे गेला होता. नगर मागे पडलं, करंजीचा घाट चढून उतरला, आणि दोन्हीकडे तुरी आणि माळ सुरू झाला.   आदल्या दिवशी संध्याकाळी अजिनाथने पेंटरला फोन करून पाटी नको म्हणून सांगितलं होतं, आणि का नको ते त्याला सांगता आलं नव्हतं.

"आरते," कडूबाई म्हणाली, "लोखंडाचं पानी झाल्यावं त्याला आदलं काय ठावं ऱ्हातं का?"

"नाही, आज्जी. गंज, रंग, घाण, सगळं वर तरंगतं, ते काढून टाकतात. खाली नुसतं लोखंड. कितीही वेळा वितळवा, त्याचा कस उतरत नाही. कागदाचा उतरतो, प्लास्टिकचा उतरतो. याचा नाही."

"म्हंजी नव्यावानी."

"नव्यासारखंच."

कडूबाई पुढे वाकली. "मंग त्याचा पुना काटाच व्हनार न्हाई कशावरनं?"

आरतीला तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगायचं होतं. म्हातारीने अख्खा जन्म ज्यात घालवला त्याचं शेवटी काही चांगलं होईल, पूल होईल, शाळा होईल, असं. पण प्रयोगशाळेत बसून तिला नाही ते सांगायची सवय राहिली नव्हती.

"होऊ शकतो," ती म्हणाली. "आमच्याकडं सळई जास्त होते, घरं बांधायची. पण पुढं कधीतरी काटाही होऊ शकतो."

"झाला तर झाला. लोखंडाचा काय गुना त्यात? बसीवनारा मानूस हुता."

"मग आज्जी, राहू द्यायला काय हरकत होती?"

"तू म्हनतीस ना, नव्यावानी व्हतंय," कडूबाई म्हणाली. "मंग सुटू दे की त्याला."

पुढे बसलेल्या अजिनाथने हे ऐकलं आणि गाडी उगाचच थोडी हळू केली.

कारखान्याच्या गेटापाशी समितीची माणसं होती. फार नव्हती, पण होती. बहुतेक साठीच्या पुढची, शेअरचं सर्टिफिकेट देव्हाऱ्यात ठेवणारी. एक कापडी फलक, एक स्पीकर, आणि सावलीला बसलेला एक पोलीस, ज्याला दसऱ्याला घरी जायचं होतं. कल्याण पांढऱ्या कपड्यात पुढे उभा होता. गाडीतून आई उतरताना दिसली तशी त्याची माणसं आपोआप बाजूला झाली. त्यातल्या अर्ध्यांनी कडूबाईच्या टोळीसोबत ऊस तोडला होता. "मावशे, बरी हायेस का?" असं एकाने विचारलंही. विरोध असला तरी रीत होती.

"भाऊ, घोषना द्यायच्या का?" समितीचा सचिव रंगनाथ कल्याणच्या कानाशी येऊन म्हणाला.

"थांब जरा."

काटा गेटाच्या आतच होता. जमिनीशी सपाट बसवलेला मोठा लोखंडी पाट, त्याच्या फटींतून गवत वर आलेलं, पलीकडे मापाड्याची खोली, खिडकीची चौकट निखळलेली. कल्याण डायरेक्टर असताना रोज त्याच्यावरून गाडीने आत जाई. पायी उभं राहून त्याने तो कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. आता त्याला तो आठवणीतल्यापेक्षा लहान वाटला, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं.

राजेश्वरीने पाटाच्या कोपऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सुनीलने ज्योत पेटवली, निळी, बारीक केली, आणि कटर कडूबाईच्या हातात देऊन रीतीप्रमाणे तिच्या मागे उभा राहिला. अजिनाथने टोपी काढली.

कडूबाईने कटर धरला. पण ती खाली वाकली नाही. ती वळली.

"कल्यान. हिकडं ये."

कल्याण दोन पावलं पुढे आला.

"तू काप."

सुनील गडबडला. "आज्जी, वडील मान्सानं द्यायची असती पैली काप..."

"वडील मीच हाय. मीच सांगती."

गेटाजवळ कुजबुज झाली. रंगनाथने स्पीकर बंद केला, कारण काय होतंय ते त्याला ऐकायचं होतं. अजिनाथ पुढे व्हायला निघाला तर राजेश्वरीने त्याचा दंड धरला. आरती वडिलांकडे बघत होती. त्यांनी नाही म्हणावं की हो म्हणावं, हे तिला स्वतःलाच समजत नव्हतं. तिला फक्त त्यांची फार दया आली, जी तिला आजवर कधी आली नव्हती.

"आई," कल्याण खालच्या आवाजात म्हणाला, "नको करू असं. मी आध्यक्ष हाय. माझी मानसं उभी हायेत हितं."

"त्या दिशी बी उबी हुती," कडूबाई म्हणाली.

कल्याणने मागे वळून बघितलं नाही. त्याने हात पुढे केला. सुनीलने आपला काळा चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर चढवला.

काटा जमिनीलगत होता. त्याला ज्योत लावायची तर उभ्याने जमत नव्हतं. समितीच्या सगळ्या माणसांसमोर, पांढऱ्या कपड्यांनिशी, कल्याण काट्यावर बसला.